नाना घेत नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडले तरी मनातल्या मनात या गोष्टीला वळसा घालूनच पुढे गेले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतंच.

नानांपासून सुरुवात करते. नाना म्हणजे माझे वडील. मखमलाबादच्या पुढे आमचा दीड एकराचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाला आईची मेथी-कोथिंबीर. नाना रोज पहाटे फुलांचे क्रेट टेम्पोत चढवून नाशिकच्या फुलबाजारात जायचे आणि दहा-अकराच्या सुमाराला परत यायचे. येताना सदऱ्याच्या खिशात देठ मोडलेले दोन गुलाब असायचे, गिऱ्हाईक घेत नाही असे. एक आईला, एक मला. मी डी.एड.ला होते तेव्हासुद्धा, वेणीत गुलाब घालायचं वय सरलं होतं तरी.

आणि नाना घेत नव्हते. हे आधीच सांगून ठेवते. दारू, विडी, तंबाखू — काही नाही. चहासुद्धा पोटात जळजळतं म्हणून अर्धा कपच.

मी तेवीस वर्षांची होते. डी.एड. होऊन एका प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. पंचवटीतल्या एका घरी लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, दिवाळीनंतरची तारीख काढायची होती. माझ्या पाठीवर एकच भाऊ — किरण, सहा वर्षांनी लहान, बारावीला. त्या वर्षी गणपतीच्या आसपास नानांच्या पायांवर सूज दिसायला लागली. मग पोट फुगलं. डोळे पिवळे झाले. गावातल्या कुणीतरी कावीळ उतरवणारा माणूस सांगितला, त्याच्याकडे तीन आठवडे गेले. एका सकाळी बाजारातच त्यांना रक्ताची उलटी झाली आणि तिथल्या लोकांनी त्यांना शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. फाइल इंग्रजीत होती आणि घरात ती वाचू शकणारी मीच होते. भला माणूस होता. सावकाश सांगत होता. हिपॅटायटिस बी. रक्तातून पसरणारा विषाणू. नानांच्या अंगात तो बहुतेक लहानपणापासून असावा — जन्माच्या वेळी आईकडून आलेला, किंवा त्या काळात एकच सुई दहा जणांना टोचत, तिच्यातून. इतकी वर्षं तो गप्प राहिला आणि आतल्या आत यकृत कडक करत गेला. आता हातात फारसं काही उरलेलं नाही.

मग ते म्हणाले, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. ज्यांना नसेल त्यांनी लस घ्यायची, तीन डोस. ज्याला असेल त्याने घाबरायचं नाही, पण आयुष्यभर लक्ष ठेवायचं. दाढीचा वस्तरा, ब्रश, नेलकटर वेगळं ठेवा. एका ताटात जेवल्याने होत नाही, जवळ बसल्याने होत नाही, तेवढी भीती बाळगू नका. त्यांनी एका चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहिलं आणि खाली तीन ओळी — आई, तुम्ही, भाऊ. "सगळ्यांना सांगा," म्हणाले.

चिठ्ठी घडी करून मी पर्समध्ये ठेवली. बाहेर आले. समोर माझ्या होणाऱ्या सासूबाई उभ्या होत्या, नानांसाठी शहाळं घेऊन.

इथे मी थांबते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गेली कित्येक वर्षं मी याच जागी थांबते.

सासूबाई वाईट नव्हत्या. आजही नाहीत. त्यांनी मला बाकावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, लागण होण्यासारखं काही नाही ना? स्पष्ट सांग हो. उद्या तुम्हाला मुलंबाळं व्हायची."

किती वेळ गेला असेल? एक श्वास, दोन श्वास. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला आजही माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण त्या दोन श्वासांत मी माझं मोडलेलं लग्न बघितलं, शाळेतल्या बायका डबा खाताना माझ्यापासून हात-दोन हात लांब सरकलेल्या बघितल्या. आणि म्हणाले, "नाही हो, लागण वगैरे काही नाही. नाना… थोडी घ्यायचे."

त्यांचा चेहरा सैल झाला. माझा हात थोपटून म्हणाल्या, घराघरांत असतं गं, त्यात तुझा काय दोष. बाप दारू पिऊन मरतोय हे त्यांना चालणार होतं. माझ्या बापाच्या रक्तात त्याचा काही गुन्हा नसताना आलेला आजार आहे, हे चाललं असतं का, ते मी विचारलंच नाही.

गोष्ट इथेच राहिली असती तरी पुरे होती. पण दोन दिवसांनी सासूबाई आईला भेटल्या आणि सहानुभूतीने बोलून गेल्या, की पुरुषांना ही सवय लागली की बाईच्या हातात काही राहत नाही. आई तशीच वॉर्डात आली. मी नानांच्या उशाशी पेल्यात पाणी ओतत होते. आईने पदर तोंडाशी धरून विचारलं, "खरंच घेत व्हते का तुम्ही? बाजारात?"

नानांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. डॉक्टर माझ्याशी काय बोलले ते त्यांना माहीत नव्हतं. पण आपण घेत नव्हतो हे तर माहीत होतं. आणि ही गोष्ट आली कुठून, हे माझ्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं असणार — माझ्या हातातला पेला भरून वाहत होता आणि मला कळतही नव्हतं. त्या पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता. मी लहानपणी काही फोडलं की ते असेच बघायचे, आईच्या आधी स्वतः तुकडे गोळा करायचे.

"कधीमधी," नाना म्हणाले. "थंडीचं."

आणि डोळे मिटले.

किरण दारात उभा होता, हातात जेवणाचा डबा. त्याने डबा खाली ठेवला आणि तो निघून गेला. पुढचे अकरा दिवस रोज हॉस्पिटलमध्ये आला, पण जिन्यापाशीच बसून राहिला. आई नानांचं सगळं करायची, अंग पुसायची, कपडे बदलायची — बोलायची मात्र नाही. अकराव्या दिवशी दुपारी नाना गेले. शेवटी त्यांच्याशी बोलणारी एकटी मीच होते, आणि तेही पाणी हवं का, पाय चेपू का, एवढंच. त्यांनी माझ्यासाठी काय केलं हे मला कळलंय, असं मी म्हणाले नाही. नानाही काही म्हणाले नाहीत.

आता यापुढचं. तुम्हाला वाटलं असेल, कबुली द्यायची ती दिली, संपलं. नाही. वाईट पुढेच आहे.

दशक्रिया झाल्यावर चार दिवसांनी मी एकटी सातपूरला गेले, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. रक्त दिलं. रिपोर्ट चांगला आला. तिथेच पहिला डोस घेतला. दुसरा महिन्याने, लग्नाच्या आठ दिवस आधी. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून लग्न साधेपणाने केलं होतं. तिसरा डोस सासरी गेल्यावर, माहेरी जाऊन येते म्हणून निघाले तेव्हा वाटेत घेतला. कार्ड फाडून गटारात टाकलं. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या आधीच फाडली होती.

तीन ओळी होत्या त्या चिठ्ठीवर. मी फक्त माझी पाळली.

तिसऱ्या डोसच्या दिवशी माहेरी पोचले तेव्हा किरण शेवंती खुडत होता. शाळा सोडल्यासारखंच झालं होतं त्याचं, मळा त्याच्याच अंगावर पडला होता. मला बघून धावत आला आणि लहानपणीसारखा दंडाला धरून ओढायला लागला. मी कळवळले. काय झालं, म्हणाला. दार लागलं, म्हणाले. त्याने आईला हळद गरम करायला सांगितली आणि माझ्या दंडाला स्वतः लावली — सुई टोचली होती त्याच जागेवर. तेव्हा सांगता आलं असतं. कुणीच नव्हतं तिथे. नुसतं म्हणायचं होतं, किरण, रक्त तपासून घे.

का नाही म्हणाले? त्याला असतं तर बाहेर कळलं असतं. आणि बाहेर कळलं असतं तर मी कॉरिडॉरमध्ये काय बोलले तेही उघडं पडलं असतं. म्हणून मी न कळणंच निवडलं. स्वतःला सांगितलं, त्याला नसेलच. तरणा पोर, दगड पचवेल. एवढंच केलं — नानांचा वस्तरा विहिरीत टाकून दिला. त्या वर्षी किरणला नुकती दाढी फुटली होती आणि तो नानांचाच वस्तरा वापरायचा. त्याने विचारलं, तेव्हा म्हणाले, गेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवू नयेत. "बरं केलंस," तो म्हणाला. ते मायेने म्हणाला नव्हता.

पुढे वीस-बावीस वर्षं गेली. किरणने मळा उभा केला, पॉलिहाऊस घातलं, जरबेरा लावला. मनीषाशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. आणि दारूच्या थेंबालाही शिवला नाही. लग्नात, सणावारी मित्र आग्रह करायचे, तर ताट सोडून उठायचा. नानांचा फोटो त्याने घरात लावू दिला नाही. आईने तो पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ठेवला होता. मुलींनी आजोबा कसे गेले विचारलं, की किरण सांगायचा, वाईट सवयीने गेले. मी समोर असायचे. कधी भाजी निवडत असायचे, कधी मुलींच्या वेण्या घालत असायचे.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. किरणने चप्पल काढली आणि मला त्याच्या सुजलेल्या पायावर पट्ट्याचा खोल वळ दिसला. तो म्हणाला, उन्हात उभं राहून होतं गं. पण मला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. रिपोर्ट आले तेव्हा तिने अगदी तेच सांगितलं जे मी एकदा ऐकलं होतं, तशाच सावकाश. किरण म्हणाला, "पण डॉक्टर, मी घेत नाही. कधीच नाही घेतली."

"याला दारू लागत नाही," ती म्हणाली. हा विषाणू त्याच्या अंगात फार वर्षांपासून आहे, बहुधा लहानपणीच घरातून आला असावा, पण नक्की सांगता येत नाही. आधी कळलं असतं तर दर सहा महिन्यांनी बघत राहिलो असतो, गरज पडली की रोज एक गोळी चालू केली असती. इथवर येऊ दिलं नसतं. आता गोळी देऊ, ती चालू ठेवायची, सोनोग्राफी करत राहायची.

बाहेर बाकावर किरण फाइल मांडीवर घेऊन बसला. मला वाटलं स्वतःचा विचार करतोय. मग म्हणाला, "ताई, नानांना पण हेच असणार."

मी मान हलवली.

"मग ते हो का म्हणाले?"

माहीत नाही, म्हणाले. तो रडला. स्वतःच्या आजाराचं कळलं तेव्हा रडला नव्हता.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. मनीषाला नव्हतं, तिला लस दिली. मुलींना बाळपणीच सरकारी लसीकरणात मिळालेली होती, त्या सुरक्षित निघाल्या. आईला कधीतरी होऊन गेलं होतं, तिच्या शरीराने आपोआप घालवलं होतं, तिला पत्ताही नव्हता. माझा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाली, तुम्ही लस घेतलेली दिसते, अँटिबॉडी आहेत. कधी घेतली होती? किरण शेजारीच बसला होता.

"शाळेत शिबिर झालं होतं," मी म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

दुसऱ्यांदा. तितक्याच सहज. आणि किरणने — ऐका — माझा हात धरला आणि म्हणाला, बरं झालं ताई, आपल्यातलं एक जण तरी सुटलं.

त्याच आठवड्यात त्याने पेटीतून फोटो काढला, नवी चौकट करून आणली आणि समोरच्या भिंतीवर लावली. आईने पहिल्यांदा फूल वाहिलं तेव्हा नुसती म्हणाली, "मी तवा बोलले नाय त्यांच्याशी." आणि किरण निघाला सगळ्यांना सांगायला. चुलत्यांकडे, मामांकडे निफाडला, फुलबाजारात नानांच्या वेळचे दोन-तीन म्हातारे अजून बसायचे त्यांच्याकडे. पायाला सूज असताना फिरला. माझे नाना घेत नव्हते, तो आजार होता, तुम्हीही तपासून घ्या — प्रत्येक घरात हेच. लाज वाटायची ती त्याला वाटलीच नाही. मला तेविसाव्या वर्षी जे जमलं नाही ते तो आजारी अंगाने दारोदार करत होता.

एका रविवारी तो माझ्या घरी आला. सासूबाई आता थकल्या आहेत, कानाने कमी ऐकू येतं. त्यांच्या पायाशी बसून त्याने मोठ्याने, न चिडता, सगळं सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सासूबाई माझ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलं रे?"

"तेव्हा कुणाला माहीत होतं, आई?" किरण म्हणाला.

सासूबाईंनी नजर वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना कॉरिडॉर आठवत असणार. मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. यावर त्या आजपर्यंत बोललेल्या नाहीत. मीही नाही.

किरण त्यानंतर चार वर्षं जगला. गोळीने सूज उतरली, रंग आला, दोन दसरे त्याने झेंडूचा मोठा माल काढला. मग एका सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाली, कडक झालेल्या यकृतात हे होऊ शकतं. शेवटच्या वर्षी दर गुरुवारी मी शाळेतून अर्धी रजा घ्यायचे आणि रिक्षाने त्याला हॉस्पिटलमध्ये न्यायचे. जाताना-येताना तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायचा. गंगापूर रोडला रिक्षा सिग्नलला थांबली की एखादी बाई गजरे घेऊन यायची, आणि तो फुलं बघून सांगायचा, ही कालची आहेत, घेऊ नको. हसायचा. मनीषा म्हणायची, ताईंनी बहिणीचं नाही, आईचं केलं. नातेवाईक अजून म्हणतात.

वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. पन्नासेक गुरुवार होते. रिक्षात आम्ही दोघंच असायचो. एकदा तर त्यानेच विचारलं होतं, ताई, नाना शेवटी तुझ्याशी काय बोलले? मी म्हणाले, पाणी मागितलं. तेवढं मात्र खरं होतं.

त्याला मी सांगितलं नाही. त्याने मला माफ केलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं. त्याच्या तोंडून ते ऐकायची मला भीती होती.

तो गेल्या माघात गेला, बेचाळीस वर्षांचा. माझे वडील दारू पीत नव्हते. माझ्या भावाचं रक्त तपासायला हवं होतं. या दोन्ही गोष्टी मला तेविसाव्या वर्षापासून माहीत होत्या.